चांदबिबीच्या हातात काय होतं?

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात शहा डोंगरावरची दगडी इमारत दिसायला लागते. आठ कोनांची, तीन मजली, सुमारे ७० फूट उंच. एसटीत शेजारी बसलेल्या कुणालाही विचारा, 'चांदबिबीचा महाल' हेच उत्तर येणार. रिक्षावाले, पहाटे चढून जाणारी मंडळी, सहल घेऊन आलेले गुरुजी, सगळ्यांच्या तोंडी तेच नाव. महाल कसला, तो मकबरा आहे. मुर्तजा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान तिथे पुरलेला आहे. खाली कबर आणि वर पोरांचे पोळीभाजीचे डबे उघडलेले, असा तिथला नेहमीचा देखावा.

मला या चुकीचा राग येत नाही. लोकांनी वजिराची इमारत परस्पर राणीच्या नावावर केली, सातबारा फिरवला म्हणा ना. वजीर कुणाच्या लक्षात राहिला नाही, बाई राहिली. मात्र तिचं नेमकं काय राहिलं, असं विचारलं की उत्तर फार लवकर संपतं. घोडा, तलवार आणि 'शूर होती'. चारशे वर्षांत बखरकार, चित्रकार, कादंबरीकार आणि चित्रकथावाले अशा पुष्कळांनी चांदबिबी रंगवली. त्यांनी तिच्या हातात काय काय दिलं आणि तिथून काय काढून घेतलं, एवढ्याच बाजूने मी हे प्रकरण पाहणार आहे.

आधी हकिकत

चांदबिबी ही पहिला हुसेन निजामशहा आणि खुंजा हुमायूं यांची मुलगी. जन्म १५५० च्या सुमाराचा. विजयनगरच्या रामरायाविरुद्ध दख्खनच्या सुलतानांनी एकत्र यायचं ठरवलं, तेव्हा आधी सोयरिकी जुळल्या. त्यात चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला. हा किल्ला दोन्ही शाह्यांच्या भांडणाचं जुनं कारण होता, त्यामुळे लग्नाच्या बोलणीत मुलीइतकाच भाव किल्ल्यालाही होता. पुढे जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली. १५७९ मध्ये अलीने विजापुरात बांधलेल्या बारवेला बायकोचं नाव दिलं, चांद बावडी. तिच्या हयातीतली तिची आठवण आज बघायची तर ती ही पाण्याची जागा आहे. त्यात चेहरा नाही, नाव आहे.

१५८० मध्ये अलीचा खून झाला. त्याला मूल नव्हतं. नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर बसला आणि चांदबिबी त्याची पालक झाली. मग दरबारातली ओढाताण सुरू झाली. किश्वरखान नावाच्या कारभाऱ्याने तिला उचलून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं. आज ज्याला आपण अजिंक्यतारा म्हणतो तोच हा किल्ला. साताऱ्यात रोज सकाळी त्या गडावर शेकडो लोक चालायला जातात, पण चांदबिबीचं नाव तिथे कुणाच्या तोंडून मी तरी ऐकलेलं नाही. किश्वरखान पळाल्यावर ती सुटली, पुन्हा विजापूरच्या कारभारात आली आणि काही वर्षांनी माहेरी नगरला परतली.

१५९५ मध्ये नगरच्या गादीवर एकाच वेळी अनेक हक्कदार उभे होते, आणि प्रत्येकामागे सरदारांचा एक गट. त्यातल्या मियाँ मंजू नावाच्या सरदाराने मदतीसाठी थेट मुघलांनाच बोलावणं धाडलं. अकबराचा मुलगा मुराद डिसेंबरात नगरच्या वेशीवर येऊन थडकला, तोवर मियाँ मंजूला आपल्या करणीचा पश्चात्ताप झाला होता आणि तो शहरातून निघूनही गेला होता. आग लावणारा पसार, घर पेटलेलं. किल्ला चांदबिबीने हातात घेतला. भावाचा नातू बहादूर, अगदी तान्हं पोर, त्याच्या नावाने.

मुघलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्यांना सुगावा लागला. त्यांनीही आतून खणत जाऊन काही सुरुंगांतली दारू काढून घेतली. फेब्रुवारी १५९६ मध्ये उरलेला सुरुंग उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. किल्ल्यातले लोक जागा सोडून पळू लागले. त्या वेळी चांदबिबी चिलखत घालून, डोक्यावरून बुरखा घेऊन, हातात उघडी तलवार घेऊन खिंडारात येऊन उभी राहिली, असं त्या काळचा फारसी इतिहासकार फरिश्ता लिहितो. पळणारे परत फिरले. दिवसभर लढाई झाली, रात्रभर दगडमाती ओढून खिंडार पुरुषभर उंचीपर्यंत भरून काढलं. सकाळी मुघलांसमोर पुन्हा भिंत होती.

ही झाली सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. ती इथे संपत नाही. लवकरच चांदबिबीने मुरादशी तह केला. वऱ्हाड मुघलांना दिला आणि त्याबदली बहादूरची गादी मान्य करून घेतली. मुरादलाही हा तह हवाच होता. त्याच्या छावणीत दाणावैरण संपत आली होती, मुघल सेनापती खानखानान अब्दुर्रहीम आणि त्याचं पटत नव्हतं, आणि विजापूरहून सुहेलखान फौज घेऊन निघाला होता. हे सगळं हेरून केलेला तो सौदा होता.

बुरखा

फरिश्त्याचं वर्णन पुढच्या सगळ्या चित्रांची आई आहे, म्हणून त्याच्याजवळ थोडं थांबायला हवं. हा माणूस तरुणपणी नगरच्या निजामशाहीत चाकरीला होता, पण १५८९ पासून तो विजापूरला होता आणि त्याने आपला इतिहास लिहिला तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारात. हा इब्राहिम म्हणजे तोच पुतण्या, ज्याला नऊ वर्षांचा असल्यापासून चांदबिबीने सांभाळलं. राजाच्या चुलतीविषयी लिहायचं आणि राजाला वाचून दाखवायचं, तेव्हा खिंडारातली ती उभी आकृती इतकी उजळ का झाली हे समजतं. म्हणून ती खोटी ठरत नाही. वेढ्याच्या काळात नगरातच असलेल्या सय्यद अली तबातबाचा 'बुरहान-ए-मआसिर' हा ग्रंथही याच वेढ्यापर्यंत येऊन थांबतो, आणि बाईने किल्ला राखला यावर दोघांचं दुमत नाही.

मला अडकवतो तो बुरखा. लढाईत ज्यांनी तिला पाहिलं त्यांनी तिचा चेहरा पाहिला नाही. चिलखत दिसलं, पातं दिसलं, उंची दिसली असेल. चांदबिबी कशी दिसायची हे खिंडारातल्या शिपायालाही सांगता आलं नसतं. आणि यापुढची सगळी चित्रं बघाल तर ती चेहऱ्याचीच आहेत.

ससाणा

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये दख्खनी शैलीचं एक चित्र आहे, साधारण १७०० च्या सुमाराचं. घोड्यावर स्वार झालेली चांदबिबी, हातावर ससाणा, सोबत चाकरमाणसं, मोकळं रान. चित्र देखणं आहे यात वाद नाही. अशाच धाटणीची चित्रं अठराव्या शतकात पुष्कळ निघाली. पक्ष्यांच्या शिकारीला निघालेली राजस्त्री म्हटलं की ती चांदबिबी, असा तो एक ठरलेला नमुनाच झाला. रात्री घोड्यावरून निघालेले बाजबहादूर आणि रूपमती हा जसा दुसरा ठरलेला नमुना, तसा हा. आपल्याकडे पूर्वी किराणा दुकानदार दिवाळीला कॅलेंडर द्यायचे, त्यावरचा महाराजांचा किंवा लक्ष्मीचा चेहरा कुठल्याही गावात गेलं तरी एकच असायचा. त्या जातीची ही मागणी.

आता सन बघा. १७००. चांदबिबी जाऊन शंभर वर्षं झालेली. निजामशाही १६३६ मध्ये बुडालेली, आदिलशाही १६८६ मध्ये. औरंगजेब स्वतः दख्खनमध्ये मुक्काम ठोकून एकेक किल्ला घेत हिंडतोय, आणि सात वर्षांनी तो नगरजवळ भिंगारलाच मरणार आहे. अशा काळात कुणीतरी चित्रकाराला जुन्या दख्खनची राणी काढायला सांगतं आणि तो तिला शिकारीला पाठवतो. तट नाही, सुरुंग नाही, समोर मुघल नाही. मुघल अमलात विकलं जाणारं चित्र असं निरुपद्रवीच असणार, असं मला वाटतं. हरलेल्या घराण्याच्या बाईच्या हाती तलवार दिली तर विचारणा होईल, ससाणा दिला तर कौतुक होईल.

शिवाय वय. वेढ्याच्या वेळी चांदबिबी पंचेचाळिशीच्या घरातली होती. विधवा होऊन पंधरा वर्षं झालेली, एकदा कैद भोगलेली, दोन दरबारांचं राजकारण पचवलेली बाई. चित्रातली मुलगी जेमतेम विशीची वाटते. बुरखा तर नाहीच. आपल्याकडे प्रौढ बाईचं शौर्य रंगवायचं म्हटलं की आधी तिला तरुण करून घ्यावं लागतं. मालिकावाले हे आजही करतात, मग अठराव्या शतकातल्या चित्रकाराला तेवढ्यासाठी बोल कशाला लावा.

तांबं, चांदी, सोनं

एल्फिन्स्टन, मुंबई इलाख्याचा एके काळचा गव्हर्नर, त्याने १८४१ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास छापला. त्यात त्याने दख्खनमधली एक लाडकी आख्यायिका नोंदवली आहे. वेढ्यात तोफगोळे संपले तेव्हा चांदबिबीने तोफांत तांब्याची नाणी भरून डागली, ती संपल्यावर चांदीची, मग सोन्याची. अंगावरचे दागिने भरायची पाळी आली तेव्हाच ती तहाला तयार झाली.

इतिहास म्हणून याची किंमत काय हे ज्याने त्याने ठरवावं. गोष्ट म्हणून मात्र ती फार जाणत्या माणसाने, बहुधा एखाद्या जाणत्या बाईने, रचलेली आहे. बघा ना, क्रम कसा आहे. आधी घरातली चिल्लर, मग साठवलेले रुपये, मग सोनं, आणि अगदी शेवटी अंगावरचं. आपल्याकडे घर अडचणीत आलं की बाई याच क्रमाने मोडत जाते. पाटल्या मोडून फी भरली, बोरमाळ मोडून विहीर खणली, हे ज्या घरांत घडलं आहे त्या घरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. राणीचा वेढा त्यांनी आपल्या ओळखीच्या अडचणीत बसवला. आणि एक मजा अशी की चांदबिबीच्या सगळ्या लोकप्रिय रूपांत तहाचा उल्लेख करणारं रूप मला हेच एक सापडतं. तह केला, पण गळ्यातलं काढायची वेळ आल्यावर केला, म्हणजे चालतो.

यानंतर मेडोज टेलर. ठगांवरच्या कादंबरीमुळे नाव झालेला हा इंग्रज अधिकारी निजामाच्या चाकरीत होता, सुरपूरचा कारभार त्याने पाहिला आणि १८५३ नंतर काही वर्षं तो नळदुर्गला होता. नळदुर्गचा आदिलशाही किल्ला, नदीवरचा तो बांध आणि पाणीमहाल त्याच्या रोजच्या नजरेसमोर. चांदबिबीवरची त्याची 'अ नोबल क्वीन' ही कादंबरी तीन भागांत १८७८ मध्ये निघाली, तो वारल्यावर दोन वर्षांनी. नुकताच व्हिक्टोरियाने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब घेतला होता. त्या वेळच्या इंग्रज वाचकाला देशी शूर राणी हवी असेल तर चांदबिबी सोयीची होती. तिची तलवार मुघलांवर उगारलेली. वीस वर्षांपूर्वी झाशीच्या राणीने ती इंग्रजांवर उगारली होती, तिचं कौतुक लंडनला एवढं मोकळेपणाने करता आलं नसतं. टेलरला दख्खन मनापासून आवडायचं आणि ते त्याच्या लिखाणात दिसतं, हेही सांगायला हवं. पण पुस्तकाच्या नावातलं ते 'उदात्त' विशेषण पुढे तिला चिकटून बसलं. उदात्त माणसाला घासाघीस करताना दाखवणं अवघड असतं.

विसाव्या शतकातलं भराभर सांगतो, कारण त्यात नवं फारसं नाही. अमर चित्र कथेत तिच्यावर पुस्तक निघालं. शाळेच्या इतिहासात दोन ओळी आल्या. तिला फारसी, अरबी, तुर्की, मराठी, कानडी येत होती, सतार वाजवायची, फुलांची चित्रं काढायची, ही यादी एका लेखातून दुसऱ्यात उतरत गेली. भाषांचं पटतं, नगर आणि विजापूर दोन्हीकडे वावरलेल्या बाईला मराठी-कानडी येणारच. सतारीपाशी मी थबकतो. आज आपण जिला सतार म्हणतो ते वाद्य घडलं अठराव्या शतकात. सोळाव्या शतकातल्या राणीच्या मांडीवर ती कुणी ठेवली ते कळत नाही, पण का ठेवली ते कळतं. स्थळ दाखवायला आणलेल्या मुलीच्या माहितीतही 'गाणं येतं, भरतकाम येतं' असतंच.

खुरपं

ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरूंना आणि काँग्रेसच्या इतर पुढाऱ्यांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथे लिहिलं गेलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याची सुरुवातीची पानं मी पुन्हा पुन्हा वाचतो. नेहरूंनी तुरुंगाच्या अंगणात बाग करायला घेतली. जमीन खणताना खाली जुन्या भिंतींचे आणि इमारतींचे अवशेष लागायला लागले. एकदा एका भिंतीच्या कडेला दगडात कोरलेलं छोटंसं कमळ निघालं. जास्त खणणं तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना पसंत नव्हतं, म्हणून ते थांबलं. तिथेच चांदबिबी येते. तिने तलवार हातात घेऊन अकबराच्या फौजांशी हा किल्ला लढवला आणि तिच्याच एका माणसाने तिला मारलं, एवढंच नेहरू लिहितात.

त्यातलं दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. चित्रकार, कथेकरी, चित्रकथावाले ज्या जागी घाईने पान उलटतात तिथे हे वाक्य उभं आहे. तिला मुघलांनी मारलेलं नाही. का मारलं आणि कुणी मारलं, इथे माझ्या मते या प्रकरणाची गाठ आहे.

कागद

१५९६ चा तह टिकला नाही. १५९७ च्या सुरुवातीला गोदावरीकाठी सोनपेठजवळ सुहेलखानाचा पराभव झाला. १५९९ मध्ये मुराद दारूपायी मेला. अकबराने दख्खनला अबुल फजलला पाठवलं. हा अबुल फजल 'अकबरनामा'त लिहितो की चांदबिबीचा आणि आपला करार झाला होता. नगरच्या गादीमागचा बलाढ्य हबशी सरदार अभंगखान याचा मुघलांनी बंदोबस्त केला तर ती किल्ल्याच्या किल्ल्या देईल, आणि बदल्यात तिला बीड जहागीर मिळावं.

बीड! ससाण्याची राणी, खिंडारातली राणी, दागिने तोफेत भरणारी राणी, आणि इथे ती एका परगण्याची मागणी लेखी करते आहे. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं की वाईट वाटलं ते चित्रकथेतल्या बाईसाठी. खरी बाई पन्नाशीला आलेली होती. आतले सरदार एकमेकांचे गळे धरून होते, ज्याच्या नावाने कारभार चालायचा तो राजा पाच-सहा वर्षांचा, बाहेर अकबर स्वतः खानदेशात उतरलेला. किल्ला किती दिवस टिकेल याचा हिशोब तिच्याइतका दुसऱ्या कुणाला येत होता? चार वर्षांपूर्वी वऱ्हाड सोडून तिने नगर वाचवलं होतं. आता नगर सोडून काय वाचवता येईल ते ती पाहत होती.

१६०० मध्ये शहजादा दानियालने किल्ला वेढला. फरिश्त्याच्या हकिकतीत ती किल्ल्यातल्या हामिदखान नावाच्या अधिकाऱ्याला विश्वासात घेऊन सांगते की आपण किल्ला द्यावा, माणसांचे जीव राखून घ्यावेत आणि बहादूरला घेऊन जुन्नरला निघून जावं. हामिदखान तिच्यापासून उठला तो रस्त्यावर जाऊन ओरडू लागला, बाई फितूर झाली, किल्ला देते आहे. चिडलेला जमाव वाड्यात घुसला आणि त्यांनी तिला ठार केलं.

त्या जमावातले काही जण चार वर्षांपूर्वी त्या खिंडारातही असतील. तिची तलवार त्यांनी पाहिली होती आणि त्यांना तीच बाई हवी होती. वाटाघाटी करणारी चांदबिबी त्यांना ओळखताच आली नाही, तिला त्यांनी फितूर हे नाव दिलं. पुढच्या चारशे वर्षांत कुणी तिच्यावर हात उगारला नाही, पण चित्र काढताना निवड तीच केली. खिंडारातला एक दिवस ठेवला. अलीच्या खुनापासून पुढची वीस वर्षं, दोन गाद्यांवरच्या दोन पोरांना सांभाळत केलेली बोलणी, पत्रं, माघारी, कैद, सगळं सोडून दिलं. कागद हातात घेतलेली चांदबिबी मी कुठल्या म्युझियमच्या यादीत किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पाहिलेली नाही. तिचा तो भाग सगळ्यात बारकाईने नोंदवून ठेवला तो शत्रूच्या वकिलाने, आणि तोही स्वतःची हुशारी सांगताना.

ती गेल्यावर किल्ला फार टिकला नाही. ऑगस्ट १६०० मध्ये तो पडला आणि बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. निजामशाही पुढे मलिक अंबरने आणखी पंचवीस वर्षं ओढली, ती वेगळी कथा.

(शहराचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. जिल्ह्यातल्याच चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंचं. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर आणि हातात पिंड, हे त्यांचं चित्र घराघरात आहे. जवळपास तीस वर्षं इंदूरचा कारभार पाहणाऱ्या बाईच्या हातातही दप्तर कुणी दिलेलं नाही. नगरच्या मातीतच काही आहे की काय कोण जाणे.)

डाग

आता चांदबिबीच्या आईकडे येतो. खरं तर हे प्रकरण तिच्यापासून सुरू व्हायला हवं होतं, पण तिचं चित्र बघायला आधी लेकीची चित्रं बघून झालेली बरी.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे एक फारसी हस्तलिखित आहे, 'तारीफ-ए-हुसेनशाही'. आफताबी नावाच्या कवीने हुसेन निजामशहाची स्तुती केली आहे, तालिकोटच्या विजयासकट. त्यातली बारा चित्रं शिल्लक आहेत. दख्खनी चित्रकलेचा अगदी सुरुवातीचा हा नमुना, सोनेरी आकाश आणि लाल-निळ्या सपाट रंगांचा. रामरायाचं शीर उडवल्याचा प्रसंगही त्यात आहे. हुसेन तालिकोटनंतर काही महिन्यांतच वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून खुंजा हुमायूंने पाच-सहा वर्षं राज्य चालवलं. तिने आपल्या भावांना मोठमोठ्या जागा दिल्या, सरदार बिथरले, आणि त्यांच्या साथीने मुलानेच आईला कैद केलं.

हस्तलिखितातल्या दरबाराच्या चित्रात सिंहासन आहे. हुसेन निजामशहा बसला आहे. भोवती दासी उभ्या आहेत, चोळ्या घातलेल्या, लांब वेण्यांच्या टोकाला गोंडे. आणि राजाच्या अगदी लगत, जिथे दुसरं माणूस बसलेलं असणार, तिथे रंग फासटून टाकलेला डाग आहे. बारकाईने पाहिलं तर डागाखाली आकृतीचा अंदाज येतो. ती खुंजा हुमायूं. सिंहासनावर नवऱ्याच्या बरोबरीने बसलेली. तिची सत्ता गेल्यावर तिला पुसलं गेलं असं अभ्यासक मानतात, आणि ते पटतं. बाईच्या चेहऱ्याचंच वावडं असतं तर दासी कशा वाचल्या? पंखा धरणारी, तबक धरणारी कुणाला खुपली नाही. सिंहासनावर बसलेली खुपली.

पुसणाऱ्याने काम मन लावून केलेलं आहे. एका प्रसंगातून काढलं, पुढचं पान उलटलं, तिथूनही काढलं. तरी एक चित्र त्याच्या हातून सुटलं. त्यात दरबार नाही, सिंहासन नाही. एक झाड आहे आणि झाडाशी एक स्त्री उभी आहे. सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने झाडाला बहर येतो, ही आपल्याकडची जुनी कल्पना, संस्कृत काव्यातला दोहद. ती इथे फारसी पोथीत येऊन बसली आहे. झाड फुललेलं आहे आणि ती स्त्री शाबूत आहे, वेणीच्या गोंड्यापर्यंत.